पहिला घोट चिकाचा की शेणाचा?



पाऊस ओसरू लागला की आपल्याकडे म्हशी विण्याचा हंगाम भरात येतो. गायी बारमाही वितात, पण ओल्या दिवसांत जन्मलेल्या वासरांची काळजी जरा अधिकच घ्यावी लागते. या दिवसांत गावोगाव फिरताना एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, वासरू चांगलं उड्या मारत होतं. तिसऱ्या दिवशी पातळ हगायला लागलं आणि पाचव्या दिवशी गेलं." सांगणारा हे इतक्या सहज सांगतो, की जणू वासरे अशी जायचीच!

गेलेले वासरू एकटे जात नाही. कालवड असेल तर तीन वर्षांनी दावणीला उभी राहणारी गाय जाते. गोऱ्हा असला तरी आईचा पान्हा जातो. वासरू दिसले नाही की गाय दूध चोरते, म्हैस तर उभीच राहत नाही, आणि मग पान्ह्यासाठी सुया टोचण्याचा नाद लागतो. वर्षभर गाभण जनावराला घातलेली पेंड आणि वैरण अशी चार दिवसांत पाण्यात जाते. म्हणून आज वासरांच्या हगवणीविषयी, विशेषतः जंतूंमुळे होणाऱ्या हगवणीविषयी, सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी शेतीचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. सुई, सलाईन आणि औषधाची मात्रा हे डॉक्टरांचे काम. पण वासरू आजारी पडण्याआधी गोठ्यात जे करायचे असते आणि डॉक्टर येईपर्यंत जे करता येते, ते सारे आपल्या घरच्या माणसांच्या, त्यातही घरच्या बायाबापड्यांच्या हातात असते. लिहायचे आहे ते त्याबद्दल.

आधी दिवस मोजा

वासराला हगवण लागली की पहिला प्रश्न "कोणती गोळी द्यायची?" हा नसावा. पहिला प्रश्न असावा, "वासरू किती दिवसांचे आहे?" हगवणीची कारणे अनेक आहेत, पण प्रत्येकाची यायची वेळ साधारण ठरलेली असते.

जन्मल्यापासून चार-पाच दिवसांच्या आत एकाएकी पिवळसर-पांढरी, पाण्यासारखी हगवण लागली, तर पहिला संशय ई. कोलाय या जंतूचा घ्यावा. थिओडोर एशेरिख नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत हा जंतू शोधून त्याचे वर्णन केले. 'ई. कोलाय' मधला 'ई' त्यांच्याच नावाचा. या जंतूच्या असंख्य जाती आहेत. बहुतेक जाती जनावरांच्या व माणसांच्या आतड्यांत निरुपद्रवीपणे राहतात. काही थोड्या जाती मात्र वासराच्या कोवळ्या आतड्याला गोचिडासारख्या चिकटतात आणि तेथे विष सोडतात. आतडे चार-पाच दिवसांत जरा जून झाले की त्यांना तेथे धड चिकटता येत नाही. म्हणून या जंतूचा सारा जोर पहिल्या चार-पाच दिवसांतच असतो.

पाचव्या दिवसानंतर दोन-तीन आठवड्यांपर्यंत जी हगवण लागते, तिच्यामागे पुष्कळदा विषाणू किंवा सूक्ष्म एकपेशीय परजीवी असतात. विषाणूंवर जंतूंच्या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दहा दिवसांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंतच्या वासराला ताप चढला, हगवणीला सडकी दुर्गंधी आली, तीत रक्त आणि आतड्याच्या सालीसारखे तुकडे दिसू लागले, तर साल्मोनेला या जंतूचा संशय येतो. हा जंतू आतड्यात न थांबता रक्तात शिरतो. शिवाय तो माणसालाही बाधतो. अशा वासराची सेवा करणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये आणि लहान मुलांना त्याच्याजवळ खेळू देऊ नये.

आणखी एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम. तो मातीत व शेणात असतो आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतल्या वासराला गाठतो. याची खोड अशी, की घरातले सर्वांत पुष्ट, भरपूर दूध पिणारे वासरूच तो उचलतो. रात्री चांगले असलेले वासरू सकाळी पोट फुगून, रक्ताळलेली हगवण करून मेलेले आढळते. कधी हगवण लागायलाही सवड मिळत नाही. लोक म्हणतात, "नजर लागली." गुटगुटीत वासरू गेले म्हणजे नजरेची शंका येणारच, पण काम जंतूचे असते. एकाच वेळी ढोसून पाजलेल्या दुधावर हा जंतू फोफावतो.

जंतू वेगळे आणि जंत वेगळे, हेही विसरू नका. रेडकांच्या पोटात आईच्या दुधावाटेच जंतांची पिले जातात. दोन-तीन आठवड्यांच्या रेडकाला मातकट, पांढरी, घाण वासाची हगवण लागली, पोट मडक्यासारखे वाढले आणि केस राठ झाले, तर तो जंतांचा प्रकार असू शकतो. त्यासाठी दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांचे औषध पाजावे.

शेवटी एक साधे कारण. वेळीअवेळी, थंडगार किंवा भसाभस दूध पाजले तरी वासरू पातळ हगते. ते तरतरीत असेल, शेपूट वर करून पळत असेल, तर घाबरू नका. एका वेळचे दूध कमी करून दिवसातून चार वेळा थोडे थोडे पाजा.

जंतू शिरतात कोठून?

गायीच्या शेणात ई. कोलाय असतोच. शेण कासेला लागते, सडांना लागते, गोठ्याच्या ओल्या जमिनीवर पसरते. वासरू जन्मले की धडपडत उठते आणि सड शोधू लागते. शोधताना ते आईची मांडी चाटते, शेपूट चाटते, भिंत चाटते, दावे चोखते. कासेला शेण असेल, तर त्याच्या पोटात जाणारा पहिला घास शेणाचा असतो.

आता येथे निसर्गाची एक मेख आहे. माणसाच्या मुलाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातून रोगाशी झुंजण्याची काही शक्ती मिळते. गायी-म्हशींच्या वारेतून ती शक्ती वासराकडे उतरत नाही. म्हणून वासरू जगात येते ते रिकाम्या हाताने. त्याची सारी शिदोरी आईच्या चिकात बांधून ठेवलेली असते. चिकातील प्रतिकारद्रव्ये वासराच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जातात, पण ही वाट फार थोडा वेळ उघडी असते. जन्मल्याबरोबर ती सताड उघडी असते, सहा तासांनी निम्मीशिम्मी मिटू लागते आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्यातली प्रतिकारद्रव्ये रक्तात जात नाहीत.

म्हणजे पहिल्या दिवशी वासराच्या तोंडापाशी एक शर्यत लागलेली असते. एका बाजूला चीक, दुसऱ्या बाजूला शेणातले जंतू. चीक आधी पोचला तर वासरू सहसा जगते. जंतू आधी पोचले तर पुढचा सारा खर्च डॉक्टरांचा आणि औषधांचा.

हे काही आज कळलेले नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या संशोधकांनी १९२२ साली काही वासरांना चीक पाजून आणि काहींना मुद्दाम चिकाविना ठेवून पाहिले. चीक प्यालेली वासरे तगली. चिकाविना ठेवलेली बहुतेक थोड्याच दिवसांत मेली आणि त्यांच्या शरीरात सापडले ते हेच कोलायचे जंतू. या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली, तरी आपल्या गोठ्यात अजून वार पडण्याची वाट पाहिली जाते.

वार आणि चीक

आमच्या तालुक्यातील एका वस्तीवर दोन वर्षांत तीन वासरे अशीच गेली होती. घर कष्टाळू, गायी संकरित, वैरणीला कमी नाही. मी गेलो तेव्हा गाय व्यायला आठवडा उरला होता. बोलता बोलता घरातल्या आजी म्हणाल्या, "वार पडल्याबिगर चीक पाजला तर वासराला बाधतो. आमच्या सासूबाईंपासून हेच चालत आलंय." मागच्या खेपेला वार पडायला रात्र उलटली होती. तोवर वासरू बांधून ठेवले होते. वार पडल्यावर चीक काढला, त्यातला मोठा वाटा खर्वसाला गेला, चार घरी वाटला आणि उरलेला वासराला पाजला.

मी म्हणालो, "आजी, हीच गाय रानात व्याली असती, तर उठून सडाला तोंड लावणाऱ्या वासराला कोणी थांबवलं असतं? हरणाच्या पाडसाला वार पडेपर्यंत कोण बांधून ठेवतं?" आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते बी खरंच."

त्या खेपेला गाय पहाटे व्याली. घरच्या सूनबाईंनी कोमट पाण्याने कास धुतली, पहिल्या दोन धारा बाजूला टाकल्या आणि तासाभरात वासराला सडाला लावले. वार दुपारपर्यंत पडली. त्या वासरालाही नवव्या दिवशी पातळ हगवण लागली, हे मी लपवत नाही. पण ते उभे राहिले, पीत राहिले आणि चार दिवसांत सावरले. आज ती कालवड दावणीला आहे.

बंधूंनो, चीक प्याल्याने वासराला बाधत तर नाहीच, उलट वासरू सडाला लुचू लागले की गायीच्या पिशवीला कळा येतात आणि वार पडायला मदत होते. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. ती वेगळी अडचण आहे. तिच्यासाठी वासराला उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

चीक किती, केव्हा, कसा?

सोपा हिशेब ठेवा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या सहा तासांत त्याच्या पोटात जावा. वासरू पंचवीस किलोचे असेल तर अडीच लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत आणि निम्मा सहा तासांच्या आत. बारा तासांच्या सुमारास आणखी एक-सव्वा लिटर. वासरू आपल्या बळाने लुचत असेल तर उत्तमच. पण ते पुरेसे प्याले की नुसते सड चाटत राहिले, यावर लक्ष ठेवा. अशक्त वासराला चीक काढून बाटलीला बूच लावून पाजा.

खर्वस करू नका, असे मी म्हणणार नाही. खर्वसाशिवाय गाय व्याल्यासारखे वाटत नाही, हे मलाही कळते! पण पहिल्या दिवशी वासराचे पोट आधी, आणि खर्वस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा. पहिल्या काढणीचा चीक सर्वांत दाट, म्हणून खर्वसाला तोच हवा असतो. नेमकी त्यातच वासराची शिदोरी असते.

गाय व्याल्यावर दगावली किंवा कासेला सूज येऊन चीक नासला, तर दुसऱ्या निरोगी गायीचा चीक चालतो. गावात कोणाकडे बर्फाचा कप्पा असलेला फ्रीज असेल, तर जास्तीचा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून गोठवून ठेवावा. वर्षभर टिकतो. दूध घालणाऱ्या पाच-सहा घरांनी मिळून अशी सोय केली तर अडल्या वेळी एकमेकांच्या कामी येईल. मात्र गोठवलेला चीक वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवा. चुलीवर चढवलात तर वासराला खर्वस खाऊ घालाल आणि प्रतिकारद्रव्ये शिजून जातील.

विण्याची जागा

व्यायला आलेले जनावर रोजच्या शेणामुतात ठेवू नका. गोठ्याच्या उंच, कोरड्या बाजूला त्याची जागा करा. आधी ती जागा खरवडून धुवा, चुना मारा, दोन दिवस ऊन खाऊ द्या आणि मग भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत अंथरा. ऊन हे फुकटातले जंतुनाशक आहे. मागचे वासरू ज्या कोपऱ्यात हगून मेले, त्याच कोपऱ्यात, त्याच खुंट्याला, त्याच दाव्याने नवे वासरू बांधण्याची चूक पुष्कळ घरी होते. आजारी वासराच्या हगवणीतून अब्जावधी जंतू बाहेर पडतात आणि ओलीत तग धरून राहतात. जागा बदला, दावे बदला.

वासरू जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. लहान तोंडाच्या भांड्यात औषध घेऊन नाळ त्यात बुडवली तर फार बरे. पुढे दोन-तीन दिवस ती वाळेपर्यंत रोज लावा. नाळ हे जंतूंचे दुसरे दार आहे.

गोठ्यात आजारी वासरू असेल तर ते वेगळे बांधा. दूध पाजणे, अंथरूण बदलणे ही कामे निरोगी वासरांची आधी आणि आजारी वासराची शेवटी करा. पाजण्याची बादली व बाटली रोज गरम पाण्याने व साबणाने घासून उन्हात पालथी घाला.

हगवण लागलीच तर

वासरू मरते कशाने? जंतूंचे विष आतड्यातील पेशींना पाणी सोडायला लावते. मोटार बंद करायची राहून गेली की रात्रीत विहिरीचा तळ दिसतो, तसे अंगातले पाणी आणि क्षार हगवणीवाटे वाहून जातात. रक्त दाट होते, त्यातील आम्लता वाढते, हातपाय गार पडतात आणि वासरू आडवे होते. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक वासरे मरतात ती अंगातले पाणी संपून. आणि अशा वेळी आपण काय करतो? "पातळ हगतंय, पाणी तोडा." विहीर आटत असताना झराही बुजवावा, असे हे झाले.

या बाबतीत आपल्या देशात फार मोठे काम झालेले आहे. १९७१ साली बांगला देशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी रोग्यांना पाजण्याचे ठरवले. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. पटकीचे विष आणि वासराच्या कोलायचे विष यांची करणी एकसारखी आहे. दोन्हींत आतड्यातून पाणी सुटते, पण ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत ओढून घेण्याची आतड्याची वाट शाबूत राहते. या जोडीबरोबर पाणीही आत जाते.

वासरासाठी हे पाणी असे करा. उकळून कोमट केलेले एक लिटर पाणी, साधे मीठ ४ ग्रॅम, खाण्याचा सोडा ४ ग्रॅम आणि ग्लुकोज पावडर २० ग्रॅम. किराणा दुकानातून एकदाच तोलून अशा दहा पुड्या बांधून आणा आणि कोरड्या डब्यात ठेवा. सोडा खाण्याचाच हवा, धुण्याचा नको.

येथे एक धोक्याची सूचना. ग्लुकोजऐवजी साखर किंवा गूळ घालू नका. माणसाच्या मुलाला साखर चालते. वासराच्या आतड्यात साखर पचवणारा रसच नसतो, त्यामुळे साखरेने हगवण वाढते. घरोघरी सर्रास होणारी ही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

हे पाणी एका वेळी एक ते दीड लिटर, दिवसातून दोन-तीन वेळा पाजा. दूध पूर्ण बंद करू नका. पूर्वी एक-दोन दिवस दूध तोडण्याचा सल्ला देत असत. आता तसे करत नाहीत, कारण उपाशी वासराचे बळ लवकर खचते. दूध थोडे थोडे, तीन-चार वेळांत विभागून द्या. दूध आणि मीठ-सोड्याचे पाणी एकत्र करू नका, कारण सोड्याने पोटात दुधाचे दही नीट लागत नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवा. वासराला पोत्याने झाका, वाऱ्यापासून आडोसा करा.

पाणी पाजताना वासरू स्वतः चोखत असेल तरच पाजा. आडव्या पडलेल्या वासराची मान वर धरून बांबूच्या नळ्याने ओतू नका. ते पाणी फुप्फुसात जाते आणि हगवणीतून वाचणारे वासरू ठसक्याने मरते. पोटावर डाग देऊन तर काहीच साधत नाही. आजाऱ्याला आणखी एक जखम होते, एवढेच.

डॉक्टरांना केव्हा बोलवावे?

तीन खुणा पाहा. एक, मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती झटकन बसली तर ठीक. दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच उभी राहिली आणि डोळे खोबणीत खोल गेले, तर अंगातले पाणी फार आटले आहे. दोन, तुमचे धुतलेले बोट वासराच्या तोंडात द्या. तोंड उबदार असून ते बोट चोखत असेल तर घरचे पाणी पाजता येईल. तोंड गार लागले आणि चोखणे बंद असेल, तर शिरेतून सलाईन देण्याला पर्याय नाही. तीन, ताप आणि रक्त. अंगात १०३ अंशांहून अधिक ताप, हगवणीत रक्त किंवा वासराचे पडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांकही आहे.

जंतूंवरची औषधे, म्हणजे प्रतिजैविके, द्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. जंतू रक्तात शिरले असतील तर ती लागतात. ताप नाही, रक्त नाही, वासरू पिते आहे, अशा वेळी पुष्कळदा पाण्यावरच भागते. दुकानातून चार गोळ्या आणायच्या, दोन द्यायच्या आणि हगवण थांबली की उरलेल्या फळीवर ठेवायच्या, ही सवय फार वाईट. अर्ध्यामुर्ध्या मात्रेला जंतू सरावतात. मग तेच सरावलेले जंतू शेणातून हाताला आणि हातातून घरातल्या लेकराच्या पोटात जातात. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अखेरच्या उपायांसाठी राखून ठेवावे लागते. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी त्याची निर्मिती व विक्री करण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच काळजीने.

भिंतीवर दोन आकडे

इतके सारे लक्षात राहणे कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणून एकच काम सांगतो. यंदा गाय किंवा म्हैस व्याली की गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने दोन आकडे लिहा. वासरू किती वाजता जन्मले आणि पहिला चीक किती वाजता प्याले. तारीखही लिहा, म्हणजे पुढे हगवण लागली तर डॉक्टरांना कितवा दिवस ते बोटे न मोजता सांगता येईल.

त्या दोन आकड्यांत दोन तासांहून अधिक अंतर पडू देऊ नका. हे काम बहुधा घरच्या गृहिणीकडेच येते, तेव्हा तिने वासराला वेळेवर सडाला लावले तर कोणी तिला "वार पडू दे" म्हणून अडवू नये, एवढी घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती. रेडकू नर असले तरी त्यालाही चीक तितकाच पाजा. त्याच्या आईचा पान्हा त्याच्यावरच अवलंबून आहे.

कळावे. पुढच्या वेळी आटवलेल्या गायीच्या खुराकाविषयी लिहीन. गाय व्यायच्या आधी दोन महिने तिला कसे पोसले, यावरही चिकाचा दाटपणा ठरतो.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)